आधी पाणी दाव

मी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला तेव्हा आबा मटार सोलत होते. मरी, विल्यम क्रीक, ऊडनाडाटा, मार्ला अशी नावं पेन्सिलीनं जोडत मी अंतरं सांगत गेलो. मरीपासून मार्लापर्यंत सुमारे 620 किलोमीटर, सगळा कच्चा रस्ता, आणि मध्ये वस्ती म्हणावी अशा दोनच जागा. आबांनी मटारचं ताट बाजूला सारलं, धोतराला हात पुसले आणि नकाशावर वाकले.

"किलोमीटर ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "आधी पाणी दाव."

मला दाखवता आलं नाही. डिझेल कुठे मिळतं याच्या खुणा मी केल्या होत्या, तंबू ठोकायच्या जागा रंगवल्या होत्या. पाण्याची एकही खूण नव्हती. ऑस्ट्रेलियात, अ‍ॅडलेडला येऊन मला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. पाणी म्हणजे नळ, एवढंच माझ्या डोक्यात उरलं होतं.

आबा माण तालुक्यातले. 34 वर्षं एस.टी.चं स्टिअरिंग धरून 2016 साली निवृत्त झाले. 1972 च्या दुष्काळात ते चौदा वर्षांचे होते. आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, सुकडी खायचे, मिलोच्या लाल भाकऱ्या खायचे. आमच्या गावाकडच्या घरात अजूनही पाहुण्यानं अर्धा ठेवलेला पेला तुळशीत रिकामा होतो. मोरीत पाणी ओतलेलं मी तिथे पाहिलेलं नाही.

ही सहल ऑक्टोबर 2018 ची. आबा आणि आई तीन महिन्यांसाठी आले होते. आईचे गुडघे धक्के सोसणारे नव्हते, म्हणून ती आणि माझी बायको घरी राहिल्या. आबा, मी आणि दहा वर्षांची लेक असे तिघं निघालो. जाणकार लोक या भागात मे ते ऑगस्टमध्ये जातात, थंडीत. ऑक्टोबरात पारा कधीही चाळिशीच्या वर जातो आणि माशा सुटतात. पण रजा आणि शाळेची सुट्टी तेव्हाच जुळत होती. गाडी जुनी, डिझेलवर चालणारी, चारही चाकांना जोर देणारी. दोन जादा चाकं, हवा भरायचा पंप, भाड्यानं घेतलेला सॅटेलाइट फोन. ही तयारी मी केली. पाण्याची आबांनी केली. माणशी दिवसाला दहा लिटर असा त्यांनी हिशेब धरला. गाडीतली 60 लिटरची टाकी भरली आणि वर वीस-वीस लिटरचे दोन कॅन. शिवाय प्रत्येकाची एक बाटली, तिच्यावर मार्करनं रेघा मारलेल्या : सकाळ, दुपार, संध्याकाळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही फरीनाला पोचलो. हे एक मोडकं गाव आहे. दगडी भिंती उभ्या आहेत, छपरं गेली आहेत, दारांच्या चौकटींतून पलीकडचं आभाळ दिसतं. फरीना म्हणजे लॅटिनमध्ये पीठ. 1878 साली हे गाव आखलं तेव्हा इथे गव्हाची शेतं डोलतील अशी सगळ्यांची खात्री होती.

त्याआधी 1865 च्या दुष्काळात जॉर्ज गॉयडर नावाचा सरकारी सर्व्हेयर घोड्यावर बसून शेकडो मैल फिरला होता. कुठपर्यंत झाडझाडोरा तग धरून आहे आणि कुठून पुढे जमीन करपली आहे, ते बघत त्यानं नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला फार तर गुरं चारा, एवढंच त्याचं म्हणणं. वर्षाला साधारण 300 मिलिमीटर पावसाच्या आसपास ती रेघ पडते. मग काही वर्षं पाऊस चांगला झाला, लोक गॉयडरवर चिडले आणि सरकारनं 1874 मध्ये त्या रेघेचं बंधन उठवलं. नांगर पुढे जाईल तसा पाऊस मागून येतो, असं तेव्हा चांगली शिकलेली माणसंही म्हणत. फरीना त्या रेघेच्या कितीतरी उत्तरेला. 1880 च्या दशकातल्या दुष्काळांनी शेतकऱ्यांना परत पाठवलं. गॉयडरची रेघ आजही जवळपास तिथेच आहे.

हे मी आबांना सांगत होतो तेव्हा ते एका पडक्या घराच्या मागे गेले होते. तिथे जमिनीत एक दगडी बांधणीचं टाकं होतं, कोरडं. त्यात पन्हळ उतरली होती. छपरावर पडेल तो प्रत्येक थेंब या माणसांनी धरायचा प्रयत्न केला होता. आबा काठावर उकिडवे बसले आणि बराच वेळ त्या कोरड्या तळाकडे बघत राहिले. माणमध्ये 300 चा आकडा सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या खाली गेलं की टँकर.

मरी हे पुढचं गाव. इथे डांबर, वीज आणि शेजार मागे राहतो. गावात जुन्या रेल्वेचं स्टेशन आहे, 1883 चं दुमजली हॉटेल आहे, आणि गवतानं शाकारलेली, मातीच्या भिंतींची एक लहानशी मशीद आहे. मूळ मशीद उंटवाल्यांनी बांधली होती. आताची तिच्यासारखी पुन्हा उभी केलेली. तिच्यासमोर मी लेकीला एक गोष्ट सांगितली, ती इथेही सांगतो. आपल्याकडे ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

या देशाचा मधला भाग उंटांच्या पाठीवर उभा राहिला. 1860 साली कराचीहून चोवीस उंट मेलबर्नच्या एका मोहिमेसाठी आणले गेले. 1866 साली सव्वाशेच्या आसपास उंट आणि त्यांचे सारवान कराचीहूनच पोर्ट ऑगस्टाला उतरले. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणजे कराची बंदराचा कारभार मुंबईहून चाले. ही माणसं बलुची, पठाण, सिंधी, पंजाबी होती, पण इथे सगळ्यांना एकच नाव पडलं : अफगाण. त्यावरून पुढे रेल्वेलाही घान म्हणू लागले. लोकरीच्या गासड्या, पिठाची पोती, तारेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, मिशनऱ्यांचं सामान, सगळं यांनी वाहिलं. मरीत रूळांच्या एका बाजूला गोऱ्यांची घरं होती. यांची आणि मूळनिवासींची दुसऱ्या बाजूला. 1901 नंतरच्या कायद्यांनी त्यांना नागरिकत्वाचं दारही बंद केलं. मोटारी आल्यावर 1925 साली बेवारशी उंटांना गोळ्या घालण्याचा कायदा झाला, तेव्हा यातल्या अनेकांनी आपले उंट मारण्याऐवजी रानात सोडून दिले. आज ऑस्ट्रेलियात लाखांच्या संख्येनं रानटी उंट आहेत, ते त्यांचेच वंशज.

लेकीनं विचारलं, "त्यांच्या बाटलीवर रेघा असतील का?" आबा म्हणाले, "त्यांच्या पखालीवर असतील."

मरीच्या पुढे आम्ही टायरची हवा चाळिसावरून अठ्ठावीसवर आणली. हवा कमी असली की टायर धारदार दगडाभोवती मऊ बसतो, फाटत नाही. आबांना हे नवीन होतं. त्यांनी चारही टायर हातानं दाबून पाहिले आणि मान डोलावली. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा झालेला होता, वर-खाली, वर-खाली, प्रत्येक वीतभर अंतरावर एक लाट. तीस-चाळीसच्या वेगानं गेलं तर गाडीतला प्रत्येक स्क्रू सैल होतो. सत्तरच्या आसपास चाकं लाटांच्या माथ्यांवरून तरंगायला लागतात आणि अचानक सगळं शांत होतं. तो वेग मला सापडेना. आबा शेजारून बघत होते. शेवटी म्हणाले, "कानानं चालव." गाडीचा खडखडाट एका विशिष्ट सुराला आला की तिथेच पाय स्थिर ठेवायचा. दहिवडी-म्हसवडच्या रस्त्यांवर त्यांनी हेच केलं असणार.

समोरून तासाभरात एखादी गाडी यायची. धुळीचा लोट आधी दिसायचा, मग गाडी. जवळ आली की तिचा चालक स्टिअरिंगवरची दोन बोटं वर करायचा. पहिल्यांदा आबांनी ते पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप वर गेला. समोरून येणाऱ्या एस.टी.ला ते असाच हात करायचे. मी लहानपणी त्यांच्या गाडीत इंजिनाच्या बॉनेटवर बसून ते पाहिलेलं आहे. त्यानंतर पूर्ण रस्ताभर, मी गाडी चालवत असलो तरी, हात करायचं काम आबांकडे राहिलं.

मग दगडांचं पठार सुरू झालं. याला इथे गिबर म्हणतात. नजर जाईल तिथवर मुठीएवढे, सुपारीएवढे तांबूस-काळे दगड, एकमेकांना चिकटून अंथरलेले, उन्हानं आणि वाऱ्यानं घासून तेल लावल्यासारखे चकाकणारे. झाड नाही, झुडूप नाही. आम्ही थांबलो. दार उघडलं आणि भट्टीचं तोंड उघडावं तशी हवा आत आली. 41 अंश होतं. इथे घाम दिसत नाही. तो निघतो तसाच उडून जातो आणि कातडीवर मीठ राहतं. लेकीच्या कपाळावर पांढरी रेघ उमटली होती. माशा डोळ्यांच्या कडांना, नाकाला, ओठांना लागायच्या, कारण साऱ्या माळावर ओल तेवढीच.

आबांनी एक दगड उचलला, दुसऱ्यावर हलकेच आपटला. कण्ण असा आवाज आला. "ही खडी आयतीच फोडलेली," ते म्हणाले. "आमाला दिवसभर फोडाय लागायची. घमेलं भरलं का मुकादम हलवून बघायचा, मधी पोकळ तर न्हाई." दगड त्यांनी होता त्या जागी, होता तसाच, त्याच्या खाचेत परत ठेवला.

दुपारी उजव्या हाताला काटी थांडा तलावाचा दक्षिणेकडचा भाग दिसला. हे इथल्या मूळनिवासी अरबाना लोकांनी दिलेलं नाव. नकाशावर पूर्वी नुसतं लेक एअर होतं, 2012 पासून दोन्ही नावं जोडून लिहितात. समुद्रसपाटीपेक्षा साधारण 15 मीटर खाली गेलेला, ऑस्ट्रेलियाचा सगळ्यांत खोल तळ. आम्ही पाहिलं तेव्हा क्षितिजापर्यंत नुसतं मीठ होतं, डोळे मिटावे लागतील इतकं पांढरं. पुढच्याच वर्षी क्वीन्सलँडातल्या पुरांचं पाणी शेकडो किलोमीटर वाहत येऊन मुख्य तलावात शिरलं, पाखरं आली, विमानं भरभरून माणसं बघायला आली. मी पुन्हा गेलो नाही. मला तो पांढराच लक्षात ठेवायचा आहे.

आणि मग, अशा मुलखात, पाणी दिसलं.

रस्त्यापासून थोडं आत, टेकाडावर चढल्यावर, एक गोल कुंड. काठोकाठ भरलेलं, कडेनं हिरवी लव्हाळी. ब्लँच कप म्हणतात त्याला. जवळच दुसरं आहे, बबलर. त्याच्या तळातली वाळू सतत वर उसळते, आधी पाणी फुगतं, मग मोठा बुडबुडा घुमटासारखा वर येतो आणि पसरतो. थोड्या वेळानं पुन्हा. बघत बसावं. आम्ही तासभर बसलो असू.

अरबाना लोक सांगतात, त्यांचा पूर्वज ककाकुटान्हा एका प्रचंड सापाचा, कन्मरीचा, माग काढत इथे आला आणि इथेच त्यानं त्याला मारलं. पाण्याची उसळी म्हणजे त्या मरणाऱ्या सापाचे आळोखेपिळोखे. त्याचं डोकं त्यानं फेकून दिलं ती समोरची हॅमिल्टन टेकडी, आणि सापाला भाजलं ती भट्टी म्हणजे ब्लँच कप. गोष्ट ऐकून पुन्हा पाण्याकडे पाहिलं तर उसळी खरंच स्नायूसारखी दिसते.

जमिनीखालचं कारण असं. पूर्व आणि मध्य ऑस्ट्रेलियाच्या पोटात वालुकाश्माचा एक अवाढव्य थर आहे, 17 लाख चौरस किलोमीटरचा, देशाच्या पाचव्या हिश्शाहून मोठा. काठाच्या डोंगरांवर पडलेला पाऊस त्यात मुरतो आणि वर्षाला काही मीटर या चालीनं सरकतो. काही जागी त्या पाण्याचं वय दहा लाख वर्षांहून जास्त मोजलं आहे. थराच्या वर चिकणमातीच्या खडकाचं जाड झाकण आहे. ते झाकण आलं कुठून? सुमारे अकरा कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्याचा गाळ. गेल्या शतकातले नाही, त्याच्या आधीच्या शतकातले गोरे प्रवासी देशाच्या मध्यभागी समुद्र सापडेल म्हणून नावा घेऊन निघत. समुद्र कोट्यवधी वर्षं उशिरा शोधत होते ते. पण त्या समुद्राच्या चिखलानंच गोडं पाणी खाली दाबून धरलं आहे, आणि जिथे खडकाला चीर आहे तिथे ते दाबानं वर येतं. येताना चुना आणतं, वाऱ्यानं आलेली वाळू लव्हाळ्यांत अडकते, आणि झऱ्याभोवती टेकाड चढत जातं. म्हणून इथे पाण्यासाठी टेकडी चढावी लागते.

झऱ्यांची ही साखळी पाहिली आणि मला माझा नकाशा कळला. हा रस्ता असा वाकडातिकडा का जातो? कारण एका झऱ्यापासून माणूस चालू शकेल एवढ्या अंतरावर पुढचा झरा आहे. अरबाना आणि त्यांचे शेजारी हजारो वर्षं याच वाटेनं गेरू आणि इतर माल घेऊन ये-जा करत होते. 1859 मध्ये जॉन मॅकडूअल स्टुअर्ट याच झऱ्यांवरून उत्तरेकडे सरकला. 1862 साली तो उत्तर किनाऱ्याला पोचला आणि परत येताना दोन घोड्यांच्या मध्ये बांधलेल्या डोलीत घालून त्याला आणावं लागलं, इतका तो खंगला होता. त्याच्या वाटेवरून 1872 मध्ये तारेची लाइन गेली, पोर्ट ऑगस्टा ते डार्विन, सुमारे 3200 किलोमीटर, दोन वर्षांत. डार्विनहून समुद्राखालची केबल जावाला, तिथून सिंगापूर, मद्रास, मुंबई, एडन करत लंडनला. अ‍ॅडलेडची तार या माळावरून निघून मुंबईवरून पुढे जात होती! मग रेल्वे आली, 1891 ला ऊडनाडाटापर्यंत, कारण वाफेच्या इंजिनालाही तहान असते. रेल्वे 1980 मध्ये इथून उठली. राहिली ती गाडीवाट.

मला या सगळ्यात एक गोष्ट लागते. त्या कुंडाला गव्हर्नरच्या बायकोचं नाव आहे, शेजारच्या झऱ्याला एका पोलीस शिपायाचं. ज्यांच्या पावलांनी ही वाट घडली त्यांची नावं रस्त्याच्या पाट्यांवर फार उशिरा आणि फार लहान अक्षरात आली. आबांना मी एवढंच म्हटलं की रस्ता पाण्यामागून आलाय. ते म्हणाले, "मग? रस्ता आनि कशामागनं येतो?"

मुक्काम कावर्ड स्प्रिंग्जला केला. 1886 साली इथे बोअर पाडली होती, तिच्या पाण्यावर वाढलेले खजुराचे जुने वृक्ष आहेत, आणि रेल्वेच्या जुन्या स्लीपरांचा एक हौद आहे, त्यात कोमट पाणी वाहतं राहतं. लेक तासभर त्यातून बाहेर आली नाही. आबा काठावर पाय सोडून बसले, पण आत उतरले नाहीत. एके काळी या भागातल्या अशा बोअर वर्षानुवर्षं उघड्या वाहत ठेवल्या होत्या. बहुतेक पाणी उन्हात उडून गेलं, खालचा दाब उतरला आणि कितीतरी नैसर्गिक झरे आटले. आता बोअरना झाकणं बसवली जातात. हे सांगितल्यावर आबांनी पाण्यातून पाय वर घेतले.

रात्री तंबूत उकडत होतं, म्हणून बाहेरच ताडपत्रीवर आईनं दिलेली वाकळ अंथरली. चंद्र नव्हता. पहाटे पाचला आबांनी मला हलवून उठवलं. "मृग उलटा झालाय बघ." खरंच, मृग डोक्यावर उभा राहिल्यासारखा, आणि व्याध त्याच्याही वर. दक्षिणेला अगस्ती, आपल्याकडे थंडीत क्षितिजालगत थोडा वेळ दिसणारा, इथे चांगला उंच चढलेला. समुद्र पिऊन टाकणारा, दक्षिणेला गेला तो परत न आलेला अगस्ती. त्याच्या खाली कोरड्या समुद्राचा तळ होता आणि त्यावर आम्ही तिघं झोपलो होतो. आबा काही बोलले नाहीत. मीही नाही. उजाडायला लागेपर्यंत आम्ही तसेच पडून राहिलो.

विल्यम क्रीक ओलांडलं. हे गाव म्हणजे एक हॉटेल, एक धावपट्टी आणि मोजकी घरं. भोवती अ‍ॅना क्रीक नावाचं गुरांचं रान, एकाच मालकीचं, गोव्याच्या चौपट मोठं. इथून तलावाकडे एक फाटा जातो. 1998 च्या डिसेंबरात त्या फाट्यावर एका ऑस्ट्रियन तरुणीचा मृत्यू झाला. तलावाकाठी गाडी वाळूत रुतली आणि ती मदतीसाठी उन्हात चालत निघाली. गाडीपाशी राहिलेला तिचा साथीदार वाचला. या मुलखात पहिला नियम हाच शिकवतात, गाडी सोडायची नाही. मी लेकीला तो पुन्हा पाठ म्हणायला लावला.

त्यानंतर तासाभरानं आबा म्हणाले, "पावसाचा वास यायलाय."

आभाळ कोरडं ठाक होतं. पण वास मलाही आला, पहिल्या पावसात येतो तो, ओल्या धुळीचा. दोन क्षण मला छान वाटलं. आबा ओरडले, "थांबव. गाडी थांबव."

मागचं दार उघडलं. वीस लिटरच्या एका कॅनची खालची कड सामानाच्या कप्प्याच्या बोल्टवर घासत आली होती. दोन दिवसांच्या खडखडाटानं तिथे तिळाएवढं भोक पडलं होतं. तळाच्या धुळीचा चिखल झाला होता. कॅन निम्म्याहून जास्त रिकामा. आमच्याकडे अजून टाकी होती, दुसरा कॅन होता, जिवावरचं काही नव्हतं. तरी माझे हात थरथरले. बांधाबांध मी केली होती.

आबांनी मला शब्दानंही बोल लावला नाही. कॅन आडवा करून भोक वर आणलं, म्हणजे उरलेलं पाणी खाली राहील. स्टोव्ह पेटवायला सांगितला. मग दुधाचा रिकामा प्लास्टिकचा कॅन घेतला, त्याच्या कानाचा नखाएवढा तुकडा चाकूनं कापला. उलथनं लाल होईपर्यंत तापवलं. भोकाभोवतीची जागा धोतराच्या सोग्यानं पुसून अगदी कोरडी केली, वर तुकडा ठेवला आणि उलथन्याच्या टोकानं दाबला. प्लास्टिक वितळून मेणासारखं पसरलं, धूर निघाला. कड आणि ठिगळ एकजीव होईपर्यंत ते टोक बारीक-बारीक फिरवत राहिले, भाकरीची कड थापावी तसं. आजी गावाकडे फुटक्या बादल्यांना असाच डाग द्यायची. 41-42 अंशांच्या उन्हात, तापल्या स्टोव्हपाशी, त्यांचा हात जराही हलत नव्हता.

तेवढ्यात धुळीचा लोट आला आणि एक जुनी उघडी गाडी आमच्याशेजारी थांबली. रानावर काम करणारा कुणी असावा. टोपीखाली करपलेला चेहरा, मागे दोन कुत्री. त्यानं इंजिनाचं विचारलं नाही, टायरकडे पाहिलं नाही. खिडकीतूनच विचारलं, "पाणी आहे का तुमच्याकडे?" मी हो म्हटलं, आकडा सांगितला. त्याची नजर लेकीच्या हातातल्या रेघांच्या बाटलीवर गेली, मग आबांच्या हातातल्या उलथन्यावर. तो खाली उतरला, ठिगळावरून अंगठा फिरवला आणि आबांना म्हणाला की काम चांगलं झालंय. मी भाषांतर केलं. आबांना त्याआधीच कळलं होतं. त्या दिवशी कॅनमध्ये आठ-नऊ लिटर वाचलं असेल. ठिगळ पुढे घरापर्यंत ठिपकलं नाही.

अल्जीबकिनाला दिवस मावळता-मावळता पोचलो. नील्स नदीवरचा जुन्या रेल्वेचा पूल, 1892 चा, 578 मीटर लांब, एकोणीस गाळ्यांचा, आता गाडीविना उभा. इतक्या लांबीचा पूल का बांधला ते कोरड्या पात्राकडे बघून कळत नाही. पूर आला की कळत असणार. पात्रात एक डोह आहे, कधी न आटणारा. काठी मोठाले नीलगिरी, त्यांवर पांढऱ्या काकाकुव्यांचा गोंगाट. इथून 50-60 किलोमीटरवर ऊडनाडाटा. 2 जानेवारी 1960 ला तिथे 50.7 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. आमचा दिवस त्याच्यापुढे सौम्यच म्हणायचा.

त्या अमावास्येला सर्वपित्री होती. मी विसरलो होतो, आबा नाही. घरून आणलेल्या दशम्यांपैकी शेवटच्या दोन त्यांनी राखून ठेवल्या होत्या, ते मला तेव्हा समजलं.

सकाळी ते डोहाच्या काठी बसले, दक्षिणेला तोंड करून. मला वाटलं, पाणी डोहातलं घेतील. त्यांनी आपली बाटली उघडली, दिवसाची पहिली रेघ अजून तशीच होती, आणि तिच्यातलं पाणी ओंजळीत घेऊन अंगठ्यावरून सोडलं. आज्याचं नाव घेतलं, पणज्याचं घेतलं, आजीचं घेतलं. मग एक नाव घेतलं जे मी कधी ऐकलं नव्हतं. 72 च्या उन्हाळ्यात विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी पिऊन गेलेली धाकटी बहीण, चार वर्षांची. घरात तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही. तिच्यासाठी त्यांनी तीनदा सोडलं. बाटलीतलं पाणी सकाळची रेघ ओलांडून दुपारच्या रेघेला आलं.

दशमी कुस्करून त्यांनी एका सपाट दगडावर ठेवली आणि आम्ही मागे सरकलो. पुलाच्या लोखंडावर कावळा होता. इथला कावळा आपल्यासारखा कावकाव करत नाही. लांब, ओढलेला, रडवेला सूर काढतो. तो बराच वेळ नुसता बघत बसला. लेक श्वास धरून उभी. आबांनी हात जोडले आणि काहीतरी पुटपुटले, बहुतेक काहीतरी कबूल केलं. कावळा उतरला, दोन पावलं तिरका चालत आला, तुकडा उचलला आणि पुलावर परत जाऊन बसला.

"शिवला," आबा म्हणाले.

लेकीनं आपली बाटली त्यांच्यापुढे धरली. तिची सकाळची रेघ अजून भरलेली होती.